शेवट गोड करायलाच हवा का?

[भिंतीवर ओळीने लावलेली कार्डं]

एका कार्डावर एक प्रसंग. पुढच्या बाजूला काय घडतं ते लिहिलंय. मागे, त्या प्रसंगाने वाचकाच्या मनात कोणता प्रश्न उभा राहतो ते. मागची बाजू कोरी राहिली, तर प्रसंग बहुधा भरतीचा असतो.

आता लाल टिकल्या बघा. टिकली म्हणजे प्रश्न सुटला. मधली बरीच कार्डं बिनटिकलीची आहेत, आणि ते चालतं. पण पहिल्या दोन-तीन कार्डांतला मुख्य प्रश्न लोंबकळत राहिला, तर वाचक चिडतो, आणि रास्त चिडतो.

उत्तर मिळणं वेगळं, मनासारखं उत्तर मिळणं वेगळं. या भिंतीवरच्या गोष्टीत भाऊ हरवलाय. शेवटच्या कार्डावर बहीण त्याची खोली भाड्याने देते. तो कुठे आहे, कळत नाही. तरी गोष्ट पुरी होते, कारण बहीण किती दिवस वाट बघणार, हा पहिल्या कार्डापासूनचा प्रश्न होता. नाट्यशास्त्रातल्या पाच संधींचा, म्हणजे कथानकाच्या पाच टप्प्यांचा, हिशेबही असाच आहे: मुखसंधीत, पहिल्या टप्प्यात, पेरलेलं बीज निर्वहणात, शेवटच्या टप्प्यात, फळाला यायचं. न पेरलेलं फळ शेवटी आणून टांगलं, की ते उपरं दिसतं.

[हस्तलिखिताचं शेवटचं पान, पेन्सिलीच्या रेघा]

हा खोडलेला परिच्छेद गोष्टीचा अर्थ समजावत होता. पहिल्या खर्ड्यात हे हमखास होतं. तो झाकायचा, आधीच्या वाक्यावर थांबायचं, मोठ्याने वाचायचं. खड्डा जाणवला, तर त्यातलं एखादंच वाक्य परत घ्यायचं.

[रंगमंचावर तालीम]

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ या शोकांतिकेचा शेवट नेहम टेट या कवी-नाटककाराने 1681 मध्ये बदलला. लिअर जगतो, त्याला राज्य परत मिळतं, त्याच्या धाकट्या मुलीचं, कॉर्डेलियाचं, एडगर या सरदारपुत्राशी लग्न लागतं. विदूषकाला तर नाटकातूनच काढलं. इंग्रजी रंगभूमीवर दीडेकशे वर्षं मुख्यतः हाच गोड लिअर चालला. नट आणि नाट्यव्यवस्थापक मॅक्रेडीने 1838 मध्ये विदूषकासह मूळ नाटक परत उभं केलं. आज रंगमंचावर टेटचा शेवट क्वचितच कोणी करतं.

[संकलनाचा पडदा, शेवटचा शॉट]

सेकंदाला 24 फ्रेम. बहिणीच्या चेहऱ्यावर 48 फ्रेमना कापलं, तर रीळ तुटल्यासारखं वाटतं. 144 पर्यंत धरलं, तर किल्ली देताना तिचा हात अडखळतो तेही दिसतं. संगीत त्या हाताच्या आधी आलं, की काय वाटून घ्यायचं ते प्रेक्षकाला परस्पर सांगितलं जातं. म्हणून इथे ते मागे सरकवलंय.

असे गोड नसलेले शेवट काहींना रुचत नाहीत, निर्माते कचरतात, तेही खरं. तक्रार शेवटाबद्दल आली, तरी अनुभवी संकलक आधी सुरुवातीची कार्डं उतरवतो. मुख्य प्रश्न तिथे धड मांडलाच नसेल, तर शेवट पुन्हा चित्रित करून काही हाती लागत नाही.