शेनझेन : भाड्याच्या पहिल्या खोलीचं शहर

[दृश्य : दोन इमारतींमधली अरुंद बोळ, वर वायरींचं जाळं, खाली दुकानांचे दिवे]

भर दुपारीही या बोळीत दिवे लावावे लागतात. दोन्ही अंगांना सात-आठ मजली इमारती, आणि मधलं अंतर इतकं कमी की समोरासमोरच्या खिडक्यांतून दोघांनी हात बाहेर काढले तर हस्तांदोलन होईल. इथले लोक यांना ‘हस्तांदोलन इमारती’च म्हणतात. वरून एसीचं पाणी ठिबकत असतं. दांडीवरच्या कपड्यांना ऊन कधी लागत नाही. खाली मात्र वीतभर जागा रिकामी नाही. न्हावी, फळवाला, मोबाईल दुरुस्तीचं टेबल, आणि भिंतीवर एकावर एक चिकटवलेल्या ‘खोली भाड्याने देणे आहे’च्या चिठ्ठ्या.

हे शेनझेन. हाँगकाँगला खेटून असलेलं, चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातलं महानगर. २०२० च्या जनगणनेत इथे १ कोटी ७५ लाखांहून जास्त माणसं मोजली गेली. हुआवे, टेन्सेंट, बीवायडी, डीजेआय या फोन, ॲप, विजेच्या गाड्या आणि ड्रोन बनवणाऱ्या कंपन्यांची मुख्यालयं इथलीच. ५९९ मीटर उंचीचा पिंग आन टॉवरही इथलाच. घरांच्या किमतीत हे शहर चीनमधल्या सर्वांत महागड्या शहरांच्या पंगतीत बसतं. पण इथे राहणं म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर टॉवरच्या काचांपेक्षा ही बोळ जास्त सांगते, कारण बाहेरगावाहून आलेल्या लाखो लोकांनी या शहरात पहिली रात्र अशाच खोलीत काढली आहे.

[दृश्य : ऐंशीच्या दशकातली छायाचित्रं. भातशेती, मातीचे रस्ते, परांची बांधलेली इमारत]

शेनझेन हे पूर्वी मासेमारीचं छोटंसं खेडं होतं, असं नेहमी सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. इथे बाओआन नावाचा अख्खा तालुका होता. लाखोंची वस्ती, बाजाराची गावं, भातशेती, कालवांची शेती. २६ ऑगस्ट १९८० ला इथे विशेष आर्थिक क्षेत्राला मंजुरी मिळाली आणि कारखाने यायला लागले. सरकारने शेतजमिनी घेतल्या, पण गावठाणं बहुतेक गावकऱ्यांकडेच राहिली. शेती गेलेल्या शेतकऱ्याच्या हाती उरली ती घराखालची जागा. कारखान्यांत रोज नव्याने माणसं येत होती आणि त्यांना झोपायला खोली हवी होती. मग घरावर एक मजला चढला, त्यावर दुसरा, तिसरा. शहर चहूबाजूंनी वाढत गेलं आणि गावं तिथेच राहिली, त्याच्या पोटात. या वस्त्यांना आज ‘शहरी खेडी’ म्हणतात.

त्या काळात इथे यायलाही परवाना लागायचा. विशेष क्षेत्राभोवती तारेचं कुंपण होतं आणि नाक्यावर कागद दाखवल्याशिवाय आत सोडत नसत. हे कुंपण कागदोपत्री रद्द झालं ते थेट २०१८ मध्ये. आत आलेल्यांत हूनान, सिचुआन, च्यांगशी या प्रांतांतल्या अठरा-वीस वर्षांच्या मुली फार मोठ्या संख्येने होत्या. १९ नोव्हेंबर १९९३ ला शहराच्या पूर्वेला, खुईयोंगमध्ये, खेळण्यांच्या एका कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज होते, दारं बंद होती. ८७ कामगार गेले. बहुतेक सगळ्या तरुण मुली. पुढच्या वर्षी चीनने कामगार कायदा केला. शेनझेनच्या वेगाचं कौतुक करताना, तीन दिवसांत एक मजला चढवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राच्या इमारतीची गोष्ट सांगताना, या मुलींचंही नाव घ्यायला हवं.

[दृश्य : रात्रीचे साडेदहा. मेट्रोच्या जिन्यातून वर येणारी गर्दी]

तरीही माणसं का येतात? पैसा हे उघड कारण आहे. गावाकडे जी कमाई वर्षभरात होत नाही ती इथे काही महिन्यांत गाठीला बांधता येते. पण इथे टिकून राहिलेल्यांशी बोललं की आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते. तू कुठल्या गावचा, कोणाचा मुलगा, हे इथे कोणी विचारत नाही. ग्वांगदोंग हा कँटोनीज बोलणारा प्रांत, पण शेनझेनच्या रस्त्यावर प्रमाण चिनी ऐकू येते, कारण जवळजवळ प्रत्येक जण बाहेरून आलेला आहे. ‘आलात की शेनझेनकर झालात’ ही इथली लाडकी घोषणा. ती सगळी खरी नाही, हे पुढे दिसेलच. पण मोठ्या, जुन्या शहरात परक्याला जे टोचतं ते इथे खरोखरच कमी टोचतं. लग्नासाठी मागे लागलेले नातेवाईक हजार किलोमीटर दूर असतात. रात्री बारा वाजता ऑफिसातून एकटी चालत घरी जाणारी मुलगी इथे नेहमीचं दृश्य आहे.

कामातही एक झिंग आहे. हुआछ्यांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सकाळी एखादी चिप शोधायला निघालेला इंजिनीअर दुपारपर्यंत लागणारे सगळे सुटे भाग पिशवीत घेऊन परततो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या व्यापाऱ्यांना हा बाजार चांगला ठाऊक आहे. शहराने २०१७ च्या अखेरीपर्यंत सगळ्या, म्हणजे सोळा हजारांहून जास्त बस विजेवर आणल्या. डोंगर आणि समुद्र दोन्ही शहराच्या हद्दीत आहेत. रविवारी सकाळी वुतोंग डोंगराच्या पायऱ्यांवर घामाघूम झालेली तरुण मुलं पाहिली की या शहरावर त्यांचा जीव आहे हे सांगावं लागत नाही.

[दृश्य : बोळीच्या तोंडावरची खाणावळ, पातेल्यातून वाफ]

या बोळीतली ही खाणावळ पाहा. काळपट रश्शात डुकराचे पाय तासन्‌तास शिजत असतात. मालकीण एक तुकडा बाहेर काढते, लाकडी ठोकळ्यावर सुरीचे चार घाव, हाडं बाजूला, मांस भातावर, त्यावर डावभर रस्सा आणि शेजारी मोहरीच्या पाल्याचं आंबट लोणचं. मिनिटभरात ताट समोर. ग्वांगदोंगमधल्याच लोंगच्यांग गावच्या नावाने ओळखला जाणारा हा भात इथे कष्टकऱ्यांचं जेवण आहे. डिलिव्हरीवाले पिवळी-निळी जॅकेटं न काढताच जेवतात. शेजारच्याच टेबलावर गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला प्रोग्रॅमर असतो. महिन्याची कमाई वेगळी, पण खोली दोघांचीही याच बोळीत.

प्रोग्रॅमरचा दिवस सकाळी नऊला सुरू होऊन रात्री नऊला संपतो, आठवड्याचे सहा दिवस. ‘९९६’ नावाने बदनाम झालेली ही पद्धत बेकायदा असल्याचं चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं. तरी रात्री दहानंतर नानशान भागातले ऑफिसांचे मजले उजळलेलेच दिसतात. त्याहून मोठी धास्ती पस्तिशीची आहे. नोकरीच्या कितीतरी जाहिरातींत वयाची अट पस्तीसच्या आतली असते. त्याआधी घर झालं पाहिजे, मूल झालं पाहिजे, पदावर पोचलं पाहिजे.

आणि घर? भाव चढे होते तेव्हा, २०२१ च्या सुमारास, सरासरी दर चौरस मीटरला ६० हजार युआनच्या वर होता. आपल्या हिशेबाने चौरस फुटाला साधारण ६५ हजार रुपये, आणि तेही ७० वर्षांच्या जमीनवापर हक्कावर. नवरा-बायकोच्या पगारात हे बसत नाही. दोघांचे आईवडील, आजीआजोबा, अशा सहा पाकिटांतली पुंजी एकत्र येते तेव्हा कुठे पहिला हप्ता भरता येतो. नंतर भाव उतरले. ज्यांनी चढ्या भावात घेतलं त्यांच्या डोक्यावर कर्ज जुन्या किमतीचं राहिलं आणि घर नव्या किमतीचं झालं.

मूल शाळेत जायच्या वयाचं झालं की शहराचा खरा दरवाजा समोर येतो. चीनमध्ये प्रत्येकाची हुकोऊ, म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद, ठरावीक ठिकाणची असते. शेनझेनमध्ये राहणाऱ्यांपैकी इथली हुकोऊ असलेले ढोबळमानाने एक तृतीयांश. सरकारी शाळेतला प्रवेश गुणांवर ठरतो. हुकोऊला गुण, त्या भागात स्वतःचं घर असेल तर गुण, सामाजिक विम्याच्या वर्षांना गुण. वीस वर्षं याच शहरात राबलेला माणूस या यादीत तळाला असू शकतो. मग पोरांना गावी आजीकडे ठेवायचं, नाहीतर आजीला इकडे आणायचं. संध्याकाळी बागेत नातवंडाची सायकल धरून उभ्या असलेल्या या आज्यांना प्रमाण चिनी नीट येत नाही, ओळखीचं कोणी नाही. त्यांच्या जिवावर दोघांची नोकरी चालते, आणि शहराच्या यशाच्या गोष्टीत त्या कुठेच नसतात. हे मला या शहराचं सर्वांत अन्यायाचं अंग वाटतं.

[दृश्य : बाईशीझोऊ. पाडलेल्या इमारती, कुंपण, क्रेन]

नानशानमधलं बाईशीझोऊ हे सर्वांत गजबजलेल्या शहरी खेड्यांपैकी एक. अंदाजे दीड लाख माणसं इथे राहायची. टेक कंपन्या जवळ, खोली हजार-दोन हजार युआनला. २०१९ मध्ये खोल्या रिकाम्या करण्याच्या नोटिसा लागल्या. जमिनीच्या मालकांसाठी मोबदला आणि नवे फ्लॅट ठरले. भाडेकरूंना पुनर्विकासात काहीच हक्क नव्हता. आईबापांपुढे प्रश्न उभा राहिला तो शाळेचा. खोली लांब गेली तर मुलाने रोज किती तास प्रवास करायचा?

अशी वस्ती न पाडताही सुधारता येते. फुतियान भागातल्या श्वेईवेई खेड्यात २९ हस्तांदोलन इमारती तशाच ठेवून, डागडुजी करून, लिफ्ट आणि पूल जोडून त्यांची ५०४ छोटी भाड्याची घरं केली गेली. बोळी राहिल्या, दुकानं राहिली. पण ती घरं शासनाच्या निकषात बसणाऱ्या सुशिक्षित तरुणांसाठी होती. खाणावळीची मालकीण त्यात बसत नाही, डिलिव्हरीवालाही नाही.

दरवर्षी उन्हाळ्यात नवे पदवीधर येतच असतात. नोकरी शोधायला आलेल्यांना शहराची युवा निवासं काही दिवस फुकट ठेवून घेतात. ती मुदत संपली की खोली शोधायची. बाईशीझोऊच्या जागी आता टॉवर उभे राहतायत, म्हणून मुलं लोंगहुआला जातात, लोंगगांगला जातात, मेट्रोच्या नकाशावर बोट आणखी बाहेर सरकवत जातात. बुलडोझर अजून न पोचलेल्या बोळीत भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचतात, फोन लावतात, आणि घरमालकाला पहिला प्रश्न विचारतात : खिडकी आहे का?