पाण्याचा नमुना आणि कायद्याचं कॉलेज

मित्रमैत्रिणींनो, सीईटीचा निकाल लागला की मुलं माझ्याकडे यायला लागतात. "सर, पर्यावरण कायद्यात काम करायचंय, कुठलं कॉलेज घेऊ?" हातात माहितीपुस्तिका असते आणि तिच्यात 'पर्यावरण कायदा' या विषयाभोवती पेन्सिलीनं गोल केलेला असतो. तो गोल आधी खोडून टाका. वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार पर्यावरण कायदा हा एलएलबीचा सक्तीचा पेपर आहे. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असो की पाच वर्षांचा, प्रत्येक कॉलेजला तो शिकवावाच लागतो. त्यामुळे तो विषय आहे की नाही यावरून काहीच ठरत नाही. तो कुणाकडून आणि कसा शिकायला मिळतो, यावर सगळं अवलंबून आहे.

माझ्या वकिलीच्या सुरुवातीची एक गोष्ट सांगतो. नदीकाठच्या एका गावातले लोक काळं पाणी भरलेली प्लास्टिकची बाटली घेऊन माझ्याकडे आले. वरच्या अंगाला कारखाना होता, मासे मेले होते, गुरं पाण्याला तोंड लावत नव्हती. मी तळमळीनं अर्ज लिहिला. घटनेचं कलम 21, जगण्याचा हक्क, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल, सगळं त्यात घातलं. सुनावणीला हरित न्यायाधिकरणाच्या, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या खास न्यायालयाच्या, तज्ज्ञ सदस्यांनी शांतपणे विचारलं, "हा नमुना नाल्याच्या तोंडाच्या वर घेतलाय की खाली? कुठल्या तारखेला? किती वाजता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाटली कुणी भरली हेही मला ठाऊक नव्हतं.

कलम 21 म्हटलं की विद्यार्थ्याला घटना आठवते. पण 1974 च्या जल प्रदूषण कायद्यातही एक कलम 21 आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं सांडपाण्याचा नमुना घेताना कारखान्याच्या ताबेदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, भांडी सीलबंद करायची, त्यांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या. ही रीत पाळली नाही, तर त्या नमुन्याचा अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. घटनेचं कलम तुम्हाला कुठलंही कॉलेज शिकवेल. हे दुसरं कलम जिथे प्रत्यक्ष अहवाल समोर ठेवून, सही कुठे नाही ते शोधायला लावून शिकवतात, ते कॉलेज तुमच्या कामाचं.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा प्राचार्यांच्या आधी चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांना भेटा. पर्यावरण आघात मूल्यांकनाचा, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे सांगणारा, एखादा अहवाल कधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलाय का, विचारा. प्रकल्पाबद्दल गावकऱ्यांचं म्हणणं ऐकून घेणाऱ्या जनसुनावणीला कधी बसलात का, हेही विचारा. या मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते. त्या तीस दिवसांत गावाला तो जाडजूड अहवाल समजावून सांगणारा माणूस लागतो. ते काम विद्यार्थी उत्तम करू शकतात. इंटर्नशिप तर सक्तीचीच आहे, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला वीस. त्यातले किती आठवडे कॉलेज तुम्हाला अशा कामाला पाठवतं, ते बघा.

कॉलेज कुठे आहे यालाही महत्त्व आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण 2010 च्या कायद्यानं आलं. मुख्य पीठ दिल्लीत, बाकीची भोपाळ, पुणे, चेन्नई आणि कोलकात्याला. तिथे न्यायिक सदस्याच्या शेजारी विज्ञानातला जाणकार बसतो, त्यामुळे तिथला युक्तिवाद दिवाणी कोर्टासारखा नसतो. तो कानांनी ऐकावा लागतो. पुण्यात शिकणाऱ्याला हे सहज साधतं. मुदतीचा धाकही तिथेच कळतो. वाद उद्भवल्यापासून सहा महिने, फार तर आणखी साठ दिवस. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील करायचं तर तीसच दिवस आणि वर साठ. खरी तक्रार घेऊन आलेल्या माणसांना "उशीर झाला" असं सांगण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे. अजूनही ते सांगताना माझी जीभ जड होते.

पण हरित न्यायाधिकरण म्हणजे सगळा पर्यावरण कायदा नव्हे. त्याच्या अधिकाराची यादी सात कायद्यांची आहे. 1972 चा वन्यजीव कायदा त्यात नाही, 2006 चा वनहक्क कायदाही नाही. ज्याला जंगलात काम करायचंय त्याची शाळा ग्रामसभेत भरते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाचा मिळून जंगलावरचा हक्क, 2009 मध्ये मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती पडायला 2011 उजाडलं. मधली दोन वर्षं समजून घ्या, मोठा अभ्यास होईल. या वाटेनं जाणाऱ्याला मी पुण्यापेक्षा नागपूर सुचवतो. किनारा, खारफुटी, सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) यांत रस असेल तर मुंबई.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांबद्दल हमखास विचारतात. ती चांगलीच आहेत. बेंगळुरूच्या विद्यापीठात तर 1997 पासून पर्यावरण कायद्याचं स्वतंत्र केंद्र आहे. क्लॅटमध्ये, म्हणजे या विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, गुण असतील आणि घरची तयारी असेल तर जरूर जा. मात्र तिथली फी वर्षाला लाखांत जाते. कर्ज काढून शिकलेली, मनापासून पर्यावरणाचं काम करू पाहणारी मुलं मी हप्त्यांपायी मोठ्या फर्ममध्ये गेलेली पाहिली आहेत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कंपन्यांच्या आत राहून नियम पाळायला लावणारे वकीलही हवेतच. पण नदीकाठच्या गावाचं वकीलपत्र घ्यायचं असेल तर पहिली काही वर्षं मिळकत बेताचीच असते, हे आज धरून चाला. कमी फीचं, जुनं, चांगलं ग्रंथालय असलेलं कॉलेज अशा वेळी तुमचे हात मोकळे ठेवतं.

पसंतीक्रम भरायला अजून काही दिवस आहेत. न्यायाधिकरणाची सुनावणी खुली असते. एक सकाळ मागच्या बाकावर जाऊन बसा, सोबत वही न्या. तज्ज्ञ सदस्य काय काय विचारतात तेवढंच लिहून घ्या. मग ज्या कॉलेजांचा विचार करताय, तिथल्या पर्यावरण कायद्याच्या शिक्षकांना भेटा आणि ती वही त्यांच्यापुढे उघडा.