गाडी तीच, मग फास्ट कोण?

फॉर्म्युला वनमध्ये दुसऱ्या टीमच्या ड्रायव्हरकडून हरलं की कारण सांगता येतं, गाडीच स्लो होती, इंजिनात दम नव्हता. टीममेटकडून हरलं की बोलती बंद, कारण त्याच्याकडेही तीच गाडी.

पण टीममेटमध्ये सरस कोण हे ठरवायचं कशावरून? पॉइंट्सवरून? 1984 ची मॅक्लारेन टीम बघा, ड्रायव्हर अलाँ प्रॉस्ट आणि निकी लाउडा. प्रॉस्टने सात रेस जिंकल्या, लाउडाने पाच, क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे रेसच्या आधी सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फास्ट लॅप्समध्ये, तर लाउडा जवळपास दरवेळी मागेच, आणि तरी चॅम्पियन लाउडा, 72 विरुद्ध 71.5! मोनाकोची रेस पावसाने मध्येच थांबवली म्हणून जिंकूनही प्रॉस्टला नऊऐवजी साडेचारच पॉइंट्स मिळाले होते.

चार वर्षांनी टीम तीच, पण प्रॉस्टच्या शेजारी आता आयर्टन सेना. परत मोनाको. क्वालिफाइंगमध्ये सेना प्रॉस्टपेक्षा 1.427 सेकंदांनी फास्ट, तेही एकाच लॅपमध्ये, एवढा गॅप टॉपच्या टीममेटमध्ये क्वचितच बघायला मिळतो. रेसमध्येही सेना आरामात पुढे होता, आणि 67 व्या लॅपला बोगद्याच्या आधीच्या पोर्टियर कॉर्नरला गाडी बॅरियरवर आदळली, खेळ खलास, रेस प्रॉस्टची. त्या सीझनला एकूण पॉइंट्स प्रॉस्टचे 105, सेनाचे 94, पण नियमाने सगळ्यात चांगले 11 निकालच धरायचे होते, त्यामुळे 90 विरुद्ध 87 आणि चॅम्पियन सेना.

म्हणून मी तरी आधी क्वालिफाइंगचा गॅप बघतो. दोघं एकाच सेशनमध्ये, एकसारख्या टायरवर असतील तेवढेच लॅप धरायचे, आणि सरासरी नको, सगळे गॅप ओळीने लावून मधला आकडा घ्यायचा, नाहीतर एखादा पावसाचा दिवस किंवा गिअरबॉक्सचा बिघाड सगळा हिशोब बिघडवतो.

पण तेवढ्यावर थांबलात तर 2016 चा चॅम्पियन निको रोझबर्ग हातातून सुटतो, मर्सिडीज टीममध्ये लुईस हॅमिल्टनचा टीममेट. पोल (क्वालिफाइंगमध्ये पहिला नंबर) हॅमिल्टनचे 12, रोझबर्गचे 8. विजय 10 आणि 9. मलेशियात पुढे असताना हॅमिल्टनचं इंजिन फुटलं हेही खरंच, तरी रोझबर्ग नुसत्या नशिबाने जिंकला हे मला अजिबात पटत नाही. सीझनच्या शेवटच्या रेसचे, अबू धाबीचे, शेवटचे लॅप्स परत बघा, मागच्यांनी रोझबर्गला गाठावं म्हणून पुढे हॅमिल्टन मुद्दाम गाडी हळू चालवतोय, मागून फेरारीचा व्हेटेल चिकटलाय, सगळं वर्ष पणाला, आणि रोझबर्ग एकही चूक करत नाही. रेसमध्ये दुसरा आला, आणि सीझनचे पॉइंट्स 385 विरुद्ध 380.