थंडीत डिझेल पिकअप सुरू होत नाही? आधी सेल्फचा आवाज ऐका

(पहाटेची वेळ, बोनेट उघडं, कॅमेरा गाडीच्या तोंडाजवळ)

आधी हा आवाज ऐका. घर्रर... घर्रर... घर्र. थांबला. आता दुसरा ऐका, सेल्फ एकदम जोरात फिरतोय, फिरतोय, पण इंजिन काही पकडत नाही. आणि तिसरा, गाडी पहिल्या सेल्फला चालू, पाच-दहा मिनिटं मस्त चालली आणि मग दम लागल्यासारखी अडखळत अडखळत बंद.

नमस्कार मंडळी. या तिन्ही वेळेला आपण बोलतो एकच, की थंडीमुळे गाडी सुरू होत नाहीये. पण ही तीन वेगळी दुखणी आहेत, तिघांचा इलाज वेगळा, आणि तिघांवर एकच इलाज करत बसलो, म्हणजे नुसता सेल्फ मारत राहिलो, तर शेवटी बॅटरी पण जाते आणि मग नेमकं काय बिघडलं होतं तेच कळत नाही. म्हणून आज आवाजावरून सांगतो.

पण त्याआधी दोन मिनिटं एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पेट्रोल गाडीत ठिणगी पडते, डिझेलमध्ये ठिणगी नाहीच. पिस्टन हवा दाबतो, साधारण 15 ते 18 पट, आणि दाबल्यामुळे ती हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं ना, तेच, फक्त इथे हवा 500 डिग्रीच्या पुढे जाते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा बसला की ते पेटतं. आता थंडीत काय होतं, मुळात आत येणारी हवा गार, सिलिंडरचं लोखंड रात्रभर गार पडलेलं, ते उष्णता ओढून घेतं, आणि त्यात सेल्फ हळू फिरला तर दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने निसटायला वेळ मिळतो. म्हणजे सेल्फचा वेग हीच डिझेलची अर्धी ठिणगी आहे असं समजा.

म्हणून पहिला आवाज, घर्रर घर्रर वाला. इथे संशय बॅटरीवर आणि ऑइलवर. उणे 18 डिग्रीला बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते आणि नेमकं त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल इंजिन फिरवायला जास्त जोर मागतं, दोन्हीकडून मार. बॅटरीवर सीसीए असा आकडा असतो बघा, कोल्ड क्रँकिंग अँपिअर, तो उणे 18 ला 30 सेकंद बॅटरी किती करंट देऊ शकते त्याचा आकडा आहे, बॅटरी घेताना कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी आकड्याची घेऊ नका. गाडी रात्रभर उभी राहिली की मल्टिमीटर लावा, 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवलं तर चार्ज पूर्ण आहे, 12.2 म्हणजे अर्धीच उरलीये. मोठ्या पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या जोडून असतात, तिथे एक गेली तर दोन्ही बदला, कारण जुनी बॅटरी नवीला पण खाली ओढते. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमला असेल तर गरम पाण्याने आणि ब्रशने साफ करून घट्ट आवळा, कितीतरी वेळा दुखणं तेवढंच असतं. आणि पूर्ण उतरलेली बॅटरी शून्याखाली दहापर्यंत जायच्या आतच गोठू शकते, तशी गोठलेली, फुगलेली दिसली तर तिला जंप पण देऊ नका आणि चार्जरला पण लावू नका, फुटू शकते.

ऑइलचं म्हणाल तर डब्यावर 15डब्ल्यू-40 लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. 15डब्ल्यूची इंजिन फिरवायची चाचणी उणे 20 ला होते, 5डब्ल्यूची उणे 30 ला. गाडीच्या पुस्तकात चालत असेल तर कडक थंडीत 5डब्ल्यू-40 टाका, सेल्फच्या आवाजातला फरक पहिल्याच सकाळी कानाला कळतो.

दुसरा आवाज. सेल्फ जोरात, इंजिन गप्प. म्हणजे बॅटरी ठीक आहे, एकतर उष्णता कमी पडतेय किंवा डिझेल पोचत नाहीये. हे ओळखायची एक सोपी खूण आहे आणि ती मला फार आवडते. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मागे जाऊन सायलेन्सर बघा. पांढरा धूर येतोय? म्हणजे डिझेल आत जातंय पण जळत नाहीये, ग्लो प्लग तपासा. धूर अजिबात नाही? मग डिझेलच पोचत नाहीये, तिसऱ्या दुखण्याकडे चला.

(हातात ग्लो प्लग, क्लोजअप)

हा बघा ग्लो प्लग, आपले मेकॅनिक लोक हीटर प्लग म्हणतात. हे पेन्सिलसारखं टोक सिलिंडरच्या आत असतं आणि काही सेकंदात लालबुंद होतं, 800-900 डिग्रीच्या घरात. चावी ऑन केली की मीटरवर पिवळी स्प्रिंग दिसते ना, ती विझेपर्यंत थांबायचं असतं. लोक थांबत नाहीत. जास्त थंडी असेल तर एकदा स्प्रिंग विझू द्या, चावी बंद करा, परत ऑन करा, परत विझू द्या आणि मग सेल्फ मारा. प्लग चेक करायचा तर वायर काढून प्लगचं टोक आणि इंजिनची बॉडी यामध्ये रेझिस्टन्स बघा, चांगला प्लग अगदी थोडे ओहम दाखवतो, मीटर काहीच दाखवत नसेल तर तो प्लग मेला. चारातले दोन मेले तरी उन्हाळ्यात गाडी सुरू होते म्हणून कळत नाही, थंडी आली की उघडं पडतं.

आणि हे कळकळीने सांगतोय, ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर, म्हणजे आत येणारी हवा तापवणारा हीटर, असलेल्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तो लालबुंद टोकावर अवेळी पेटतो, पिस्टन फुटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. एका सकाळच्या घाईसाठी अख्खं इंजिन जातं हो.

आता तिसरं, ज्याच्यासाठी मी हा व्हिडिओ करतोय. सुरू होऊन बंद पडणारी गाडी.

हे माझ्याबरोबर झालंय. खाली गरम भागात टाकी फुल केली होती, हौद्यात माल होता, रात्री वर थंड भागात मुक्काम केला, सकाळी गाडी एका सेल्फला सुरू झाली म्हणून मी निर्धास्त निघालो, आणि चढाला लागलो तशी ताकद कमी व्हायला लागली, पाय पूर्ण दाबलाय आणि गाडी ओढतच नाही, मग धक्के खात बंद. मी काय केलं, सेल्फ मारत राहिलो, पंधरा-वीस मिनिटं, बॅटरी संपेपर्यंत. शेवटी फिल्टर खोलला तर आत डिझेल नव्हतंच, मेणबत्तीचं मेण कोमट असताना बोटाला लागतं तसा पिवळसर, मऊ गोळा पूर्ण कागदाच्या घड्यांमध्ये बसला होता. बोटाने दाबला तर घडीतून वर आला.

ते मेणच असतं. डिझेलमध्ये पॅराफिन मुळातच असतं आणि त्याच्यामुळे डिझेल छान जळतं पण, म्हणून कंपन्या ते काढून टाकत नाहीत. गार झालं की त्याचे बारीक कण दिसायला लागतात आणि डिझेल धुरकट होतं, त्या तापमानाला क्लाउड पॉइंट म्हणतात. अजून खाली गेलं की फिल्टर चोंदतो, आणि त्याच्याही खाली डिझेल वाहायचंच थांबतं. टाकीत डिझेल पातळच असतं पण फिल्टर चोंदलेला, आणि गाडी सुरू एवढ्यासाठी होते की पाइपात आणि फिल्टरमध्ये थोडं पातळ डिझेल शिल्लक असतं, ते संपलं आणि इंजिनने जास्त मागितलं की गळा दाबल्यासारखं होतं.

(काचेची बाटली दाखवत)

ही बाटली बघा. काल संध्याकाळी टाकीतलं थोडं डिझेल यात घेतलं, झाकण घट्ट लावलं आणि रात्रभर गाडीशेजारी बाहेर ठेवली. काल यातून पलीकडचं अक्षर वाचता येत होतं, आज बघा, दूध पाण्यात पडल्यासारखं झालंय. टाकीत पण आत्ता हेच आहे. सकाळी बाटली अशी दिसली तर सेल्फ मारायच्या आधीच तुम्हाला उत्तर मिळालं.

इलाज काय, तर थंड भागात जायचं असेल तर टाकी अर्धी ठेवून निघा आणि तिथल्या पंपावर भरा, कारण जिथे कडक थंडी पडते तिथे पंपावर हिवाळ्याचं डिझेल मिळतं. भरल्यावर थोडी गाडी चालवा म्हणजे ते पाइपात आणि फिल्टरमध्ये पोचेल. अँटी-जेल, म्हणजे डिझेलमध्ये मेण जमू नये म्हणून टाकायचं औषध, टाकायचं तर डिझेल पातळ असतानाच टाका, आधी अँटी-जेल मग वरून डिझेल, म्हणजे मिसळतं. मेण झाल्यावर टाकून ते विरघळत नाही. पेट्रोल मिसळू नका, हायप्रेशर पंपाला डिझेलचंच वंगण लागतं, पेट्रोलने तो सुकतो. थंडीच्या आधी फिल्टर बदला, वॉटर सेपरेटरमधलं पाणी काढा, कारण पाण्याचा बर्फ होतो आणि तो पण फिल्टर बंद करतो. एक नवीन फिल्टर आणि त्याचा पान्हा सीटमागे ठेवा. आणि टाकीखाली शेकोटी, टेंभा, ब्लोलँप असलं काही नको, कोणी कितीही अनुभवी सांगू दे.

बाकी पटकन. ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम करणारा विजेचा हीटर, असेल तर निघायच्या दोन ते चार तास आधी लावा, रात्रभर जाळायची गरज नाही. कुलंट आणि पाणी निम्मं-निम्मं, तेवढ्यात साधारण उणे 37 पर्यंत गोठत नाही, नुसतं कुलंट पाण्याशिवाय टाकलं तर उलट आधी गोठतं. ॲडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी, उणे 11 ला गोठतं, त्याची टाकी गच्च भरू नका, गोठलं तरी गाडी सुरू होते आणि हीटर ते वितळवतो. हौदा रिकामा असेल तर मागची चाकं हलकी पडतात, वाळूची पोती हौद्यात मागच्या ॲक्सलच्या वर बांधून ठेवा, नीट बांधून.

आणि उभ्या गाडीला अर्धा-अर्धा तास आयडलिंगवर तापवणं सोडा. डिझेल इंजिन आयडलिंगला इतकं कमी जाळतं की ते तापतच नाही, काजळी मात्र होते आणि डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर, भरतो. एक-दोन मिनिटं ऑइल फिरू द्या, मग हळू निघा, तापमानाचा काटा वर येईपर्यंत रेस देऊ नका. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नका, तो धूर जीव घेतो.

(दुपार, बाटली उन्हात)

आता परत बाटली. ऊन पडून तासभर झाला, हवा काल संध्याकाळी होती तेवढीच झालीये, तरी तळाशी अजून धुरकट दिसतंय बघा. मेण ज्या तापमानाला जमतं त्याच्यापेक्षा जास्त ऊब त्याला विरघळायला लागते. म्हणून चोंदलेली गाडी उन्हात आणली की लगेच सेल्फ मारू नका, फिल्टर बदला, डिझेलचा हँड पंप मारून पाइपातली एअर काढा आणि ही बाटली पूर्ण स्वच्छ होईपर्यंत थांबा.