काम कसं करायचं ते ठरवतं कोण?

नमस्कार मंडळी, आज कामाबद्दल बोलूया. पगाराबद्दल आपण घरी रोजच बोलतो, पण काम कसं करायचं, किती वेगात करायचं हे कोण ठरवतं, यावर फारसं बोलत नाही.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाचा इंजिनिअर होता, पोलादाच्या कारखान्यात कामगारांच्या हालचाली स्टॉपवॉच लावून मोजायचा. १९११ साली त्याने आपली पद्धत पुस्तकात मांडली, आणि तिचा गाभा असा, की कामाची अक्कल कामगारांकडून गोळा करून मॅनेजमेंटकडे न्यायची, विचार ऑफिसात होणार आणि कामगाराने फक्त सांगितलेलं करायचं. १९७४ मध्ये हॅरी ब्रेव्हरमन या अमेरिकन लेखकांनी यावर कडक टीका केली, आणि मला त्यांचं जास्त पटतं कारण ते स्वतः आधी तांबटकाम करणारे कारागीर होते. हात आणि डोकं वेगळं केलं की मजुरी स्वस्त होते आणि माणूस कधीही बदलता येतो, असं त्यांचं म्हणणं.

आता आपल्या इंदूरचं बघा. परदेशीपुरा, नंदानगर, मालवा मिलच्या बाजूला ज्यांच्या घरी कुणी मिलमध्ये होतं त्यांना माहितीये, हवा कोरडी पडली की सूत जास्त तुटतं, हे साच्यावरच्या, म्हणजे मागावरच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नव्हतं. एवढं जाणणारी माणसं, पण मिल चालवायची की बंद करायची हे ठरवताना त्यांचं मत कोण धरणार? हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, पाच हजारांवर कामगार रस्त्यावर आले, आणि त्यांच्या हक्काच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी निघाले २५ डिसेंबर २०२३ ला! बत्तीस वर्षं हो. तोवर कितीतरी जण वारले, पैसे मुलाबाळांच्या नावावर आले. मला याचा खरंच राग येतो, कोर्टाच्या चकरा मारता मारता लोकांचं सगळं आयुष्य निघून गेलं.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. छप्पन दुकान या आपल्या खाऊगल्लीसमोर बाईकवर ऑर्डरची वाट बघणारी डिलिव्हरीची पोरं बघा, त्यांच्या मागे स्टॉपवॉच घेऊन कुणी उभं नाही, ते काम आता मोबाईल करतो, रस्ता तोच सांगतो, वेळ तोच मोजतो, रेटिंग पडलं की ऑर्डर कमी होतात आणि का कमी झाल्या हे विचारायचं कुणाला? मिलमध्ये निदान जॉबर, म्हणजे मुकादम, समोर दिसायचा, युनियनचं ऑफिस होतं.

राजस्थानने २०२३ मध्ये ॲपवर काम करणाऱ्या अशा कामगारांसाठी कायदा केला, नोंदणी आणि कल्याण निधीचा. कर्नाटकने २०२५ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं, ॲप कामावर नजर कशी ठेवतं, निर्णय कसे घेतं, हे कंपनीने कामगाराला सांगायला पाहिजे, आणि काढायचं असेल तर आधी नोटीस द्यायला पाहिजे. आपल्या मध्य प्रदेशातही ही मागणी जोरात व्हायला हवी, आणि ती करताना त्या पोरांना सोबत घेऊनच करायची, कारण ऑर्डर कुठे अडते, कुठल्या चौकात किती वेळ जातो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.