आधी वासरू, मग खरवस

(पाऊस. भातखाचरं. कुंपणाशी उभी असलेली गाय.)

अकोले तालुका. सह्याद्रीच्या ऐन कुशीतला हा पट्टा. आषाढात पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप नाही. खाचरं तुडुंब भरलीत, पायवाटांचे ओहोळ झालेत आणि ढवळी निवांत उभी आहे. तिच्या पाठीकडे बघा. पाणी मुरत नाही, थेंब ओघळून खाली जातात. ही डांगी गाय. या जातीच्या कातडीतून तेलकट अंश पाझरतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या पावसात इतर जनावरं गारठतात, तिथं डांगी टिकते. काळे, टणक खूर चिखलातही टिकाव धरतात. राजूरला आणि घोटीला डांगी जनावरांची प्रदर्शनं भरतात ती याच गुणांसाठी. दुधाच्या स्पर्धेत हिचा नंबर लागणार नाही, आणि या घराला त्याची खंतही नाही.

हे चित्रण ती व्यायच्या आदल्या दिवसाचं आहे. कास भरून आलेली, सड ताठलेले. आजींनी संध्याकाळीच गोठ्यात कोरडा पेंढा अंथरून ठेवला. रात्री वीज नव्हती.

(सकाळ. गोठा. ओलं वासरू.)

कालवड झाली. पाय अजून लटपटतात, पण तोंड बरोबर कासेकडे. एकदा हुकलं, पुन्हा ढुसणी दिली, सड तोंडात आला. ढवळी मागं वळून तिला चाटतेय. शेपटी हलायला लागली म्हणजे धार सुटली.

इथं थांबायला हवं, कारण खरवसाची गोष्ट इथूनच सुरू होते. माणसाच्या बाळाला आईकडून रोगाशी लढायची शिदोरी पोटात असतानाच मिळते. गायीच्या वारेतून ती वासराकडे जात नाही. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात ही प्रतिपिंडं जवळपास नसतातच. ती सगळी असतात चिकात, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधात. आणि वासराचं आतडं ती जशीच्या तशी रक्तात घेऊ शकतं ते पहिल्या दिवसापुरतंच, त्यातही पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त. साधारण 24 तासांनी ते दार बंद होतं. म्हणून वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याच्या पोटात पहिल्या दिवशी जायला हवा. वीस किलोचं वासरू असेल तर दोन लिटर, त्यातला बराचसा पहिल्या काही तासांतच.

आजींना हे आकडे कुणी सांगितलेले नाहीत. त्यांच्या सासूबाईंनी घालून दिलेली रीत तेवढी त्यांना ठाऊक आहे: वासरू पिऊन बाजूला झाल्याशिवाय चरवी गोठ्यात आणायची नाही.

(पितळी चरवी. धार.)

आता चरवी आली. कालवड पोटभर पिऊन आईच्या पुढ्यात बसलीय. आजी कोमट पाण्यानं कास पुसतात, पहिल्या दोन-चार पिळ्या जमिनीवर सोडतात आणि मग धार काढतात. दोनच सडांची. उरलेले दोन कालवडीचे, तिला दुपारी पुन्हा लागतील.

आवाज ऐका. नेहमीच्या दुधाची धार चरवीत वाजते, फेस धरते. ही जड पडते. बोटांना चिकटते. रंग पिवळा, कारण हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन गायीच्या दुधात उतरतं आणि चिकात ते भरपूर असतं. म्हशीचा चीक असता तर तो पांढुरका दिसला असता.

चरवी अर्धीही भरली नाही. आजी उठल्या.

ढवळीला आता बाजरी. रात्रीच शिजवून ठेवलेली, त्यात गूळ आणि बाळंतशेपा. बाळंतिणीचं खाणं तिलाही.

(चूल. पाट. साहित्य.)

चीक दोन वाट्या. दूध दोन वाट्या, गोठ्यातल्या दुसऱ्या गायीचं. चिरलेला गूळ एक वाटी. वेलदोडे, जायफळ. बस्स. अंडं नाही, चायना ग्रास नाही, मक्याचं पीठ नाही. शहरात खरवस म्हणून मिळणारी वडी पुष्कळदा दूध पावडर, आटवलेलं गोड दूध आणि चायना ग्रास यांची असते. ती गोड लागते, पण तिच्यात चीक नाही, आणि चीक नसेल तर तिला खरवस का म्हणायचं?

चीक नुसत्या उष्णतेनं कसा धरतो, हे समजून घेण्यासारखं आहे. नेहमीचं दूध तासभर उकळलं तरी आटेल, घट्ट होईल, पण त्याची वडी पडणार नाही. दुधात केसीन नावाचं प्रथिन जास्त, आणि ते केवळ तापवल्यानं गोठत नाही. चिकात मात्र वासराला देण्याची ती प्रतिपिंडं आणि त्यांच्याच जातीची, तापल्यावर गोठणारी प्रथिनं खच्चून भरलेली. पहिल्या धारेच्या 100 ग्रॅममध्ये 14 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, नेहमीच्या दुधात 3 ते साडेतीन. वाफ लागली की ती एकमेकांत गुंततात आणि सगळं पाणी त्या जाळ्यात धरून ठेवतात, जसा उकडल्यावर अंड्यातला पांढरा भाग घट्ट होतो. वासराला जगवणारा आणि आपली वडी थापणारा घटक एकच आहे.

आजी गूळ गार चिकात हातानंच कुस्करतात. चूल लागायच्या आत तो पूर्ण विरघळला पाहिजे. मग फडक्यातून गाळायचं, गुळातली काडी-कचरा फडक्यावर राहते. चिकात दुधातली साखर कमी असते, म्हणून गूळ थोडा सढळ हातानं.

आणि आता ती गोष्ट, जी कुठल्याही लिहिलेल्या प्रमाणापेक्षा खरी. आजी छोट्या वाटीत चमचाभर मिश्रण घेतात आणि तेवढीच वाटी वाफेवर ठेवतात. पाच-सात मिनिटांत ती धरते. बोटानं दाबून पाहतात. दाबल्यावर रबरासारखं परत उसळलं तर चीक जास्त, अजून दूध घाला. सैल राहिलं तर दूध जास्त झालं, चीक वाढवा. प्रत्येक गायीचा चीक वेगळा, सकाळचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. आज अर्धी वाटी दूध वाढलं.

(पातेलं. पेंढ्याची चुंबळ.)

पातेल्यात दोन बोटं पाणी, तळाशी भाताच्या पेंढ्याची चुंबळ. डबा तिच्यावर बसतो, खडखडत नाही आणि तळाला थेट आच लागत नाही. डब्यावर ताटली, ताटलीला फडकं बांधलेलं, म्हणजे वाफेचं पाणी खरवसावर टपकत नाही. तुमच्याकडे कुकर असेल तर शिटी काढून ठेवा, मोदकपात्रही चालेल. जाळ मध्यम. घाई करून जाळ वाढवला की आत भोकं पडतात आणि पाणी सुटतं.

अर्धा तास. सुनेनं मध्ये लाकूड मागं ओढलं. आजींनी झाकण काढलं, सुरी मधोमध घातली, स्वच्छ निघाली. वर जायफळ किसलं.

गरम असताना कापायचा नाही. नातवाला हे पटत नाही, ते तुम्हाला दिसतंच आहे.

(वड्या पाडणं.)

सुरीची धार बघा कशी सरळ उतरते. वडी उचलली की कडा थरथरते पण मोडत नाही. तळाशी गुळाचं सोनेरी पाणी सुटलंय, डबा तिरका केला की ते एका कोपऱ्यात येतं. ते नातवाचं.

पहिली वडी देवापुढे. मग ताटं निघतात. वरच्या आळीला एक, शेजारी एक, पलीकडच्या वस्तीवर, जिथं दोन वर्षांपूर्वी गाय व्याली तेव्हा यांच्याकडे खरवस आला होता, तिथं एक. चीक इथं विकत नाहीत. मागायला आलेल्याला वाटीभर देतात, आणि ती वाटी रिकामी परत येत नाही. आज एका वाटीत तांदूळ आले, दुसरीत रानातली भाजी.

जिथं सगळा चीक पहिल्याच धारेला काढून घेतात तिथली वासरं हगवणीनं दगावण्याचा धोका मोठा.

(दुसरा दिवस, तिसरा दिवस.)

दुसऱ्या दिवशी चीक पातळ झाला, दूध अर्धंच घातलं. तिसऱ्या दिवशी घातलंच नाही, तरी वडी मऊ, जेमतेम धरणारी. काहींना हाच खरवस आवडतो. घरी करणार असाल तर एवढं बघा: चीक ओळखीच्या गोठ्यातून घ्या, वासरू पिऊन झालंय का ते विचारा. गायीला औषध चालू असेल किंवा सडात औषध भरलेलं असेल तर तो चीक नको. उकडलेला खरवस गारव्यात दोन दिवसांत संपवा.

चौथ्या दिवशी आजींनी वाटीभर दूध चुलीवर ठेवून पाहिलं. फाटलं. पाचव्या दिवशी पुन्हा ठेवलं. वर आलं, साय धरली. त्या दिवसापासून दोन सडांचं दूध चहाला आणि डेअरीला. कालवडीचे दोन सड तिचेच.