साडेपंधरा मीटर

मंडळी, माझी अर्धी नोकरी खाऱ्या चिखलात गेली. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले खारबांध, उघाड्या, आणि उधाणाच्या रात्री बॅटरी घेऊन बांधावरून चालणं. आयोजकांनी ‘समुद्र आणि आपण’ असा ऐसपैस विषय दिला तेव्हा मी म्हटलं, समुद्राबद्दल बोलायची माझी लायकी नाही, मी एका दाराबद्दल बोलतो. दार जपानमधलं आहे. पण रायगडातल्या खारपट्टीतल्या शेतकऱ्याला त्याचा फोटो दाखवा, तो पटकन म्हणेल, “ही तर उघाडी!”

ज्यांनी उघाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बांधात बसवलेली झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं ती मिटते. आपल्याकडे पुरुषभर उंचीची उघाडी म्हणजे मोठी. जपानमधल्या फुदाई गावातली आहे 15.5 मीटर उंच, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढी, आणि 205 मीटर रुंद. आपल्यासारखी ती आपोआप मिटत नाही, एरवी उघडी असते आणि वेळ आली की बंद करावी लागते. या फरकाकडे मी परत येणार आहे.

फुदाई हे होन्शू बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरचं, इवाते प्रांतातलं गाव. डोंगर थेट समुद्रापर्यंत येतात. मधून एक छोटी नदी वाट काढते आणि त्या दरीच्या तळाशी जी सपाट जागा उरते तिच्यात घरं, शाळा, रेल्वे स्टेशन. लोक कोंबू आणि वाकामे ही समुद्री शेवाळं काढतात, सामन मासा पकडतात. 2011 मध्ये वस्ती तीन हजारांच्या आसपास होती. जपानी व्यवस्थेत ते ‘मुरा’, म्हणजे खेडं. पण आपल्या ग्रामपंचायतीशी तुलना करू नका. मुरा ही पूर्ण पालिका असते, थेट निवडून आलेला प्रमुख, स्वतःची सभा, स्वतःचं अंदाजपत्रक.

असं तिन्ही बाजूंनी डोंगरानं वेढलेलं गाव चित्रात सुंदर दिसतं, पण त्सुनामीसाठी ते नरसाळं आहे. उघड्या समुद्रावर लाटेची उंची जाणवतही नाही. निमुळत्या खाडीत शिरली की पाण्याला बाजूला पसरायला जागा नाही, मग ते वर चढतं. 15 जून 1896 ला भूकंप इतका सौम्य होता की लोक घाबरलेच नाहीत, आणि अर्ध्या तासानं लाट आली. त्या सगळ्या किनाऱ्यावर सुमारे 22 हजार माणसं गेली. मग 3 मार्च 1933, पहाटेची अडीचची वेळ, कडाक्याची थंडी. या दोन लाटांत एकट्या फुदाईतली 439 माणसं गेली.

1933 ला कोतोकू वामुरा नावाचा गावातला मुलगा चोविशीत होता. चिखलाच्या ढिगाऱ्यांतून प्रेतं उकरून काढताना त्यानं पाहिली. पुढे त्यानं लिहून ठेवलं की त्या वेळी त्याच्याकडे शब्दच नव्हते. हा माणूस 1947 मध्ये गावाचा प्रमुख झाला आणि 1987 पर्यंत, सलग 40 वर्षं, निवडून येत राहिला.

त्यानं आधी जवळच्या ओतानाबे बंदराच्या वस्तीपुढे 15.5 मीटरची भिंत बांधून घेतली, ती 1967 ला पूर्ण झाली. मग मुख्य दरीत नदीवरच्या दाराचं काम हाती घेतलं. आता हा साडेपंधराचा आकडा कुठला? गावातले म्हातारे सांगत आले होते की 1896 ची लाट 15 मीटर होती. बस्स. आम्ही इंजिनीअर मंडळी अशा आकड्याला नाक मुरडतो. मीसुद्धा मुरडलं असतं. ‘ऐकीव माहिती’ असा शेरा मारून फाईल खाली पाठवली असती.

दाराला गावाचा विरोध नव्हता, उंचीला होता. एवढं कशाला? या पैशात दुसरं काय काय होईल? जागा द्यायला लोक तयार नव्हते. (कोकणात भूसंपादन केलेल्यांनी इथे हसायला हरकत नाही.) वामुरा एकेकाला पटवत बसले. 1972 ला काम लागलं, 1984 ला संपलं. खर्च 3.56 अब्ज येन. एवढ्याशा गावाला हा पैसा स्वतःच्या खिशातून परवडणारा नव्हताच, प्रांत आणि केंद्र सरकार यांनी भार उचलला. निवृत्त होताना वामुरांनी सहकाऱ्यांना सांगितलं त्याचा आशय असा, की विरोध झाला तरी हाती घेतलेलं तडीस न्या, लोकांना शेवटी कळतं.

लोकांना कळायला 27 वर्षं लागली, आणि वामुरा तोवर हयात नव्हते. 1997 मध्ये, 88 व्या वर्षी ते गेले. म्हणजे स्वतःच्या हयातीत या माणसानं एक भलंमोठं, कधीच उपयोगी न पडलेलं काँक्रीट पाहिलं.

11 मार्च 2011, दुपारी 2 वाजून 46 मिनिटं. रिश्टरची भाषा आता वापरत नाहीत, नुसतं 9 तीव्रतेचा भूकंप म्हणू. दाराच्या मुख्य चार झडपा दूरवरून कळ दाबून खाली आल्या. बाजूच्या लहान झडपा अडकल्या. अग्निशमन दलाचा एक माणूस गाडी घेऊन खाली गेला, म्हणजे समुद्राच्या दिशेनं, आणि त्यानं त्या हातानं बंद केल्या.

मला फुदाईची सगळ्यात ओळखीची वाटलेली जागा ती हीच. एका पावसाळ्यात आमच्या एका उघाडीत वाहून आलेला ओंडका अडकला होता. झडप चार बोटं उघडी, आणि बाहेर भरती चढतेय. गावातल्या एका काकांनी कमरेला दोर बांधून उडी मारली आणि पहारीनं तो ओंडका सोडवला. माझ्या अहवालात फक्त ‘अडथळा दूर केला’ एवढंच आहे.

फुदाईला लाट दाराच्या वरून आली. तिथे तिची उंची 20 मीटरच्या घरात गेली होती. मग दार पुरलं कसं? एक म्हणजे दार नदीच्या मुखाशी नाही, थोडं आत आहे. दुसरं, पाणी वरून सांडलं, पण त्याचा लोंढा मोडलेला होता. शाळा आणि घरांच्या अलीकडेच ते थांबलं. गावात एकही घर वाहून गेलं नाही. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला तारो नावाचं गाव आहे. त्याची 10 मीटर उंच आणि दोन किलोमीटरहून लांब भिंत इतकी प्रसिद्ध होती की लोक बघायला यायचे. तिथे लाट भिंतीवरून आली आणि सुमारे 200 माणसं गेली. तारोनंही 1896 आणि 1933 भोगलं होतं, फुदाईपेक्षा कितीतरी जास्त. त्यांची काही चूक होती असं मी म्हणणार नाही. 1934 साली काम सुरू करणाऱ्या गावाला 10 मीटरसुद्धा आभाळाएवढे होते.

दाराबाहेर मात्र काहीच वाचलं नाही. बंदर, होड्या, शेवाळ वाळवायच्या जागा, सगळं गेलं. आणि गावातला एक माणूस बेपत्ता झाला. भूकंप थांबल्यावर तो आपली होडी ठीक आहे का ते बघायला बंदरावर गेला होता.

त्याला मूर्ख म्हणू नका. 3 जून 2020 च्या सकाळी, निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे सरकत असताना, पोलीस लाउडस्पीकरवरून ओरडत होते आणि आमच्या खाडीत एक जण कमरेभर पाण्यात उभा राहून होडीचा दोर पुन्हा आवळत होता. मी वरून हाका मारल्या. तो म्हणाला, “येतो, सायेब, एक गाठ राहिलीय.”